पोळांची घरे आणि तीन धागे : अहमदाबादच्या जुन्या शहराचा वस्त्र व गृहकला वारसा

एखाद्या वस्तीचा इतिहास केवळ ताम्रपटांत, बखरींत किंवा सरकारी दप्तरांत नोंदलेला नसतो. तो त्या वस्तीतील घरांच्या खांबांवर कोरलेला असतो, दारावरच्या तोरणात गुंफलेला असतो, देवघरामागच्या पडद्यावर छापलेला असतो आणि रात्री अंगावर घेतलेल्या गोधडीतही शिवलेला असतो. राज्यकर्ते बदलतात, बाजारपेठा स्थलांतरित होतात, नवी यंत्रे येतात आणि जुनी बंद पडतात. या प्रत्येक घडामोडीचा एक थर घराच्या लाकडावर व घरातील कापडावर साचत जातो. हे थर वाचता आले, तर ज्यांची नावे इतिहासग्रंथांत सहसा आढळत नाहीत अशा सुतार, छिपा, विणकर, चितारी व शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया यांचाही इतिहास हाती लागतो.

असे थर एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील, तर अहमदाबादच्या तटबंदीआतील जुन्या शहराइतके बोलके उदाहरण देशात क्वचितच सापडेल. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. या मानाबरोबर एक जबाबदारीही आली. वारसा म्हणून नेमके काय जपावयाचे, कोणासाठी जपावयाचे आणि ते जपण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेले नाहीत. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे.

तीन धाग्यांवर तोललेले शहर

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व तीरावर, जुन्या आसावल या वस्तीच्या सान्निध्यात, हे शहर वसविले. भद्रचा किल्ला, तीन दरवाजा, १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद आणि तिच्यालगतचा माणेक चौक हा त्या नगररचनेचा कणा होता. शहर वसण्यापूर्वीच गुजरातचे कापड समुद्रापार पोहोचले होते. इजिप्तमधील फुस्तात या जुन्या नगराच्या अवशेषांत सापडलेले ठसाछपाईचे सुती तुकडे गुजरातेत तयार झाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले असून त्यांचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. नव्या राजधानीने या जुन्या व्यापाराला राजाश्रय व सुरक्षित बाजारपेठ दिली. अहमदाबाद हे सूत, रेशीम आणि सोने या तीन धाग्यांवर तोललेले शहर आहे, अशी म्हण पुढे रूढ झाली. सुती कापड छपाईसाठी, रेशीम व सोन्याची जर किनखाबासाठी. आसावलच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या आशावली साडीत हे धागे एकत्र येतात.

या व्यापाराची सूत्रे महाजन म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघटना आणि त्यांचा प्रमुख नगरशेठ यांच्या हाती होती. महाराष्ट्रातील वाचकांना विशेष वाटावा असा एक प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक आहे. १७२५ मध्ये मोगल सरदारांच्या आपसातील संघर्षात मराठी फौजा शहराच्या दाराशी येऊन ठेपल्या व लुटीचे संकट ओढवले. तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पदरचे धन देऊन शहर वाचविले. शहरातील महाजनांनी त्याची परतफेड म्हणून बाजारात शिक्कामोर्तब होणाऱ्या मालावर शंभर रुपयांमागे चार आणे नगरशेठांच्या घराण्यास देण्याचे मान्य केले. ज्यांच्या भयाने हा पैसा मोजावा लागला, त्याच मराठ्यांनी पुढे १७५३ मध्ये शहर जिंकले आणि मधला अल्प काळ वगळता १८१७ पर्यंत पेशवे व गायकवाड यांचा दुहेरी अंमल येथे राहिला. रायखड भागातील गायकवाड हवेली त्या काळाची साक्ष देते. भय, खंडणी, सत्ता आणि अखेर शेजार असा हा मराठी थर आहे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे याच शहरात वकिली करीत आणि १९३० च्या दशकात त्यांनी अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषविले, हे त्या शेजाराचेच फलित म्हणावे लागेल.

पोळ : घर आणि शेजार यांची एकच वीण

जुन्या शहरातील वस्तीचे एकक म्हणजे पोळ. संस्कृतमधील ‘प्रतोली’ म्हणजे वेस किंवा दरवाजा या शब्दापासून हा शब्द आला, असे मानले जाते. एक मोठा दरवाजा, त्यातून आत जाणारी अरुंद गल्ली, तिला फुटलेल्या बोळवजा खडक्या आणि दोन्ही बाजूंस भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे, अशी पोळाची सर्वसाधारण रचना असते. पोळात बहुधा एकाच जातीची किंवा व्यवसायाची कुटुंबे राहत. रात्री दरवाजा बंद होई. पोळाचे पंच असत, सामायिक विहीर व देवालय असे आणि चौकात पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी उभारलेला चबुतरा असे. शहरात असे शेकडो पोळ आहेत.

घराची रचनाही हवामान व सामाजिक व्यवहार यांचा विचार करून केलेली आढळते. रस्त्यालगत ओटा, त्यामागे प्रवेशाची जागा, मधोमध आकाशाला उघडा असलेला चौक, त्यामागे परसाळ आणि अगदी आत काळोखी खोली. चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. छपरावरचे पाणी पन्हळींतून या टाक्यात उतरविले जाई आणि ते वर्षभर पिण्यासाठी पुरविले जाई. पुण्या-नाशिकच्या वाड्यांशी परिचित असलेल्या मराठी माणसाला चौक, ओटा व झोपाळा पाहून येथे परके वाटत नाही. मात्र अहमदाबादचे घर अधिक अरुंद, अधिक उंच आणि रस्त्याकडील दर्शनी बाजूस कितीतरी अधिक कोरीव असते.

हे कोरीवकाम काळजीपूर्वक पाहिले असता त्यातील थर सुटे होऊ लागतात. सज्ज्याखालील लाकडी आधारांवर जैन व हिंदू मंदिरांतील आकृत्या दिसतात. खिडक्यांच्या जाळ्यांत सुलतानशाही मशिदींची भूमिती उतरलेली असते. दारावरील फुलवेली मोगल बागांची आठवण करून देतात. एकोणिसाव्या शतकातील घरांच्या खांबांना व कमानींना युरोपीय वळण मिळालेले असते. दोशीवाडा पोळातील हरकुंवर शेठाणींची हवेली या संदर्भात प्रसिद्ध आहे. याच हरकुंवर शेठाणींनी पतीच्या निधनानंतर दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंग जैन मंदिराचे काम पूर्णत्वास नेले व १८४८ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. जैन शेठाणीच्या घराच्या लाकडावर इतक्या परंपरांच्या खुणा एकत्र नांदाव्यात, हे कोणा एका कलावंताचे कौतुक नव्हे. ज्या सुतारांनी मंदिरे घडविली, मशिदींची डागडुजी केली आणि व्यापाऱ्यांची घरे उभारली, त्यांचे हात तेच होते. नक्षी धर्म पाहून बदलत नसे. काम व काम देणारा पाहून बदलत असे.

ठशापासून कापडापर्यंत, कापडापासून भिंतीपर्यंत

लाकूड कोरणारा हात आणि कापड छापणारा हात यांचे नाते येथे अतिशय निकटचे आहे. गांधीनगरजवळील पेथापूर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सागवानी ठशांसाठी प्रसिद्ध आहे. सागाचा ठोकळा घासून गुळगुळीत करणे, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात देऊन नक्षी उतरविणे, बारीक गिरमिटाने भोके पाडणे आणि मग लहान पटाश्यांनी नको तो भाग काढून टाकणे, असे हे काम चालते. एका नक्षीत जितके रंग, तितके वेगळे ठसे लागतात आणि ते परस्परांशी तंतोतंत जुळावे लागतात. केसाएवढी चूक झाली तरी कापडावर ती शेकडो वेळा उमटते.

हे ठसे वापरणाऱ्यांत शहरातील जमालपूर भागातील मुस्लिम छिपा समाजाचा वाटा मोठा होता. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी छापलेले ‘सौदागिरी’ कापड सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, मोठ्या प्रमाणावर जात असे. सयामी लोकांच्या आवडीची नक्षी पेथापूरचे कारागीर कोरीत, जमालपूरचे छिपा ती छापीत आणि गुजराती व्यापारी ती बँकॉकच्या पेढ्यांवर विकीत. तीन समाजांच्या श्रमांवर उभा असलेला हा व्यापार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मावळला. त्या वेळचे जीर्ण ठसे पुढे जळणाच्या किंवा शोभेच्या वस्तूंच्या भावाने विकले गेले.

पोळांतील लाकूडकाम समुद्रापार गेल्याचीही एक कथा आहे. अमेरिकन चित्रकार व गृहसजावटकार लॉकवूड डी फॉरेस्ट १८८१ च्या सुमारास अहमदाबादला आले. येथील घरांचे कोरीवकाम पाहून ते इतके प्रभावित झाले, की हठीसिंग घराण्यातील मगनभाई यांच्या भागीदारीत त्यांनी लाकूड कोरीवकामाची कार्यशाळा सुरू केली. तेथे घडलेल्या सागवानी पट्ट्या, जाळ्या व कपाटे न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत बसविली गेली. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या न्यूयॉर्क येथील निवासस्थानातील ग्रंथालयाची खोली डी फॉरेस्ट यांनीच सजविली. ते निवासस्थान आज कूपर ह्यूइट या अभिकल्प संग्रहालयाचे घर आहे. या कार्यशाळेने अहमदाबादच्या सुतारांना काम दिले, ही गोष्ट खरी. परंतु त्याच काळात शहरातील श्रीमंत वर्ग नव्या धर्तीची घरे बांधू लागला होता. आपल्या दारची कला दूरच्या ग्राहकाला मोलाची वाटत असता घरच्या ग्राहकाने तिच्याकडे पाठ फिरवावी, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

कापडाचे देऊळ

पोळांच्या दरवाजाआड राहण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, याचा विसर पडता कामा नये. साबरमतीच्या काठी व तटबंदीच्या कडेने राहणाऱ्या वाघरी म्हणजेच देवीपूजक समाजाला मंदिरप्रवेश नाकारला जात असे. या समाजाने त्यावर काढलेला मार्ग म्हणजे ‘माता नी पछेडी’. ज्यांना देवळात जाता येत नव्हते, त्यांनी कापडाचेच देऊळ उभारले. पछेडीच्या मध्यभागी मंदिरात विराजमान झालेली देवी असते आणि भोवती भक्तांच्या, पशुपक्ष्यांच्या, मिरवणुकीच्या आकृत्यांच्या ओळी असतात. कोंबड्यावर आरूढ बहुचरा, मगरीवरील खोडियार, बोकडावरील मेलडी अशी देवीची अनेक रूपे त्यांत रेखाटली जातात. पडदे चारी बाजूंनी बांधून वर चांदवा ताणला, की भटक्या कुटुंबाचे देवालय तयार होई.

या कापडात परंपरेने तीनच रंग असतात : काळा, लाल आणि कापडाचा मूळचा पांढरा. कापड धुऊन त्याची खळ काढतात आणि हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवितात. गंजलेले लोखंड व गूळ पाण्यात अनेक दिवस आंबवून काळा रंग तयार होतो. चिंचोक्याच्या पिठाने तो दाट केला जातो. बांबूच्या कलमाने किंवा ठशाने काळ्या रेषा उमटविल्यावर जेथे लाल रंग हवा, तेथे तुरटीचे पाणी लावतात. त्यानंतरचा टप्पा निर्णायक असतो. कापड वाहत्या पाण्यात धुवावे लागते. जास्तीची तुरटी पाण्याबरोबर वाहून गेली नाही, तर ती पांढऱ्या भागावर बसते आणि रंगाच्या उकळत्या भांड्यात तेथेही लाल डाग पडतो. म्हणून ही कला नदीशी बांधली गेली आहे. नदी हे तिच्यासाठी निसर्गदृश्य नव्हे, तर उत्पादनाचे साधन आहे.

साबरमतीचा काठ २००५ नंतर मोठ्या प्रकल्पाद्वारे नव्याने बांधण्यात आला व २०१२ पासून तो टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुला झाला. शहराला त्यामुळे फिरण्यासाठी प्रशस्त जागा मिळाली आणि कोरडे राहणारे पात्र पाण्याने भरले. मात्र बांधलेल्या काठावरून संथ पाण्यात कापड धुणे आणि वाळूच्या काठावरून वाहत्या प्रवाहात धुणे यांत फरक आहे. पछेडी २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनाने नोंदली गेली. त्याच वर्षी ज्येष्ठ कलावंत भानुभाई चितारा यांना पद्मश्री सन्मान मिळाला. या दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. परंतु मानांकन कापडाच्या नावाचे रक्षण करते. ते कापड ज्या पाण्यात धुतले जाते, त्या पाण्याची हमी देत नाही.

गिरणी आणि चिंध्यांची खोळ

रणछोडलाल छोटालाल यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये शहरातील पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढील शतकभर भोंग्याच्या आवाजावर शहराचा दिवस उगवला व मावळला. हातमागाचे अनेक विणकर गिरणीत साचेवाले झाले. १९१८ च्या संपात अनसूयाबेन साराभाई व महात्मा गांधी कामगारांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९२० मध्ये मजूर महाजन संघ स्थापन झाला. ‘महाजन’ हा व्यापाऱ्यांच्या संघटनेचा जुना शब्द कामगारांनी स्वतःसाठी घेतला, हेही थरावर थर चढण्याचेच उदाहरण होय.

गिरण्यांच्या काळाची सर्वांत साधी आणि सर्वांत बोलकी गृहवस्तू कोणती, असे विचारले असता चिंध्यांच्या ‘खोळी’चे नाव घ्यावे लागेल. दरियापूरसारख्या जुन्या शहरातील भागांत मुस्लिम स्त्रिया गिरण्यांतून वाया गेलेल्या कापडाचे तुकडे जोडून गोधड्यांसाठी खोळी शिवत. व्यापारी चिंध्या देत आणि नगामागे मजुरी ठरवीत. तयार खोळी गरिबांच्या घरी जात. ही कला कोणी वारसा म्हणून मिरविली नाही. परंतु गिरणीचा कचरा, स्त्रीचे घरबसले श्रम आणि स्वस्त ऊब शोधणारे कुटुंब, असा शहराचा सारा अर्थव्यवहार त्या एका वस्तूत शिवलेला होता. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने या स्त्रियांना एकत्र आणले. मजुरी वाढवून मागितल्यावर काम बंद होण्याचा धोका होता. म्हणून पुढे त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांनी चिंध्या स्वतः मिळविल्या आणि खोळी स्वतः विकल्या. महाराष्ट्रात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या बाईला हा व्यवहार सहज समजेल. फरक इतकाच, की दरियापूरच्या बाईसाठी ते रोजच्या भाकरीचे साधन होते.

१९८० व १९९० च्या दशकांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. हजारो कामगारांचे रोजगार गेले आणि त्यांच्या घरांतील स्त्रियांच्या मिळकतीवर संसार चालू लागले. अशा वेळी खोळ, पापड, विडी, अगरबत्ती ही कामे पूरक न राहता मुख्य आधार झाली.

संग्रहालयात गेलेला वारसा

गिरणीमालकांच्या संपत्तीतून शहराने एक मोलाची संस्थाही उभी केली. गौतम साराभाई व गीरा साराभाई यांनी १९४९ मध्ये कॅलिको वस्त्रसंग्रहालयाची स्थापना केली. ज्या यंत्रांनी हाताचे कापड मागे सारले, त्याच यंत्रांच्या नफ्यातून हाताच्या कापडाचे जतन झाले. संग्रहालय पुढे शाहीबागेत हलविण्यात आले. तेथे जुन्या हवेल्यांचे कोरीव दर्शनी भाग इमारतीत बसविण्यात आले आहेत. किनखाब, पटोळे, पछेड्या आणि लाकूडकाम एकाच छताखाली पाहता येतात. १९६१ मध्ये राष्ट्रीय अभिकल्प संस्था येथे सुरू झाली आणि देशाला प्रशिक्षित अभिकल्पकार मिळू लागले.

तरीही एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. संग्रहालयात गेलेली हवेली वाचली. पण ती घर राहिली नाही. संग्रहालयात गेलेली पछेडी वाचली. पण तिच्यापुढे दिवा लागत नाही. जतन आणि जीवन यांतील हे अंतर कसे कमी करावयाचे, हाच या विषयाचा गाभा आहे.

घरे उतरविली जात आहेत

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतील काही नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्या मानाने पोळांतील लाकडी सांगाड्याची अनेक जुनी घरे टिकून राहिली. विटांच्या भिंतीत आडव्या बसविलेल्या लाकडी तुळया हादऱ्याबरोबर लवतात आणि भिंतीला बांधून ठेवतात. एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या घरांची रांग परस्परांना आधार देते. जुन्या सुतारांचे ज्ञान केवळ शोभेचे नव्हते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

परंतु जे भूकंपाने साधले नाही, ते बाजार साधतो आहे. वाटण्या न झालेली मालकी, अनेक वर्षांचे भाडेकरू, वाहनतळाचा अभाव आणि डागडुजीचा खर्च यांमुळे कुटुंबे पश्चिमेकडील नव्या वसाहतींत राहावयास जातात. रिकाम्या घराची गोदामे होतात. गोदामाला कोरीव खांबाची गरज नसते. मग खांब, दारे, जाळ्या उतरवून विकल्या जातात. त्या कधी एलिस पुलाजवळील रविवारच्या गुजरी बाजारात, तर कधी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांमार्फत दूरच्या शहरांतील हॉटेले व बंगले यांत पोहोचतात. अहमदशहाच्या काळापासून चालत आलेला म्हणून ओळखला जाणारा बाजार अशा रीतीने त्याच शहराचे अवयव विकण्याची जागा बनतो. घर विकणाऱ्या कुटुंबाला दोष देणे सोपे आहे. ज्याच्या छपरातून पाणी गळते आणि ज्याच्याजवळ दुरुस्तीला पैसा नाही, त्याच्यासाठी कोरीव खांब हा वारसा असण्यापूर्वी विकता येण्याजोगी अखेरची वस्तू असतो.

महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष स्थापन केला आणि १९९७ पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा पदयात्रा सुरू झाली. दोन हजारांहून अधिक इमारतींची यादी तयार झाली. यादीतील इमारतींच्या मालकांना हस्तांतरणीय विकासहक्क देण्याची तरतूद झाली. म्हणजे जुन्या घरावर मजले न चढविता तो हक्क अन्यत्र विकून दुरुस्तीचा पैसा उभा करता येतो. २०१७ मध्ये जागतिक वारसा समितीने शहराचा समावेश करताना खाजगी मालकीच्या लाकडी घरांची सविस्तर नोंद करण्याची सूचना केली. म्हणजेच संकट कोठे आहे, हे निर्णयाच्या दिवशीच स्पष्ट होते.

काय करावयास हवे?

या विवेचनातून काही व्यावहारिक मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा नोंदणीचा. प्रत्येक पोळातील प्रत्येक लाकडी घराचे मोजमाप, छायाचित्रे व मालकीची स्थिती यांची नोंद असेल, तरच उतरविलेला खांब ओळखता येईल. अभियांत्रिकी व वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देता येणे शक्य आहे.

दुसरा मुद्दा विकासहक्कांचा. कागदपत्रे स्वच्छ असलेल्या मालकाला त्यांचा लाभ सहज मिळतो. ज्या घरात सहा भावंडांची नावे आणि तीन भाडेकरू आहेत, त्याला तो मिळणे कठीण जाते. अशा कुटुंबांना कायदेविषयक साहाय्य मिळाल्याखेरीज योजना कागदावरच राहील. भाडेकरूंचाही विचार त्यात असला पाहिजे. कारण पोळ जिवंत ठेवण्याचे काम अनेकदा तेच करीत आहेत.

तिसरा मुद्दा कारागिरांचा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, साधनांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंतचे पाच टक्के दराचे कर्ज अशी तिची रूपरेषा आहे. जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीचे कौशल्य या प्रशिक्षणात समाविष्ट झाले आणि नगरपालिकांच्या कामांत अशा सुतारांना प्राधान्य मिळाले, तर कौशल्याला काम व कामाला प्रतिष्ठा मिळेल.

चौथा मुद्दा पाण्याचा. नदीकाठच्या नियोजनात छपाई-रंगाई करणाऱ्यांसाठी वाहत्या पाण्याचे घाट आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था असावी. नदी स्वच्छ ठेवणे आणि कारागिराला नदीजवळ ठेवणे ही परस्परविरोधी उद्दिष्टे नाहीत.

पाचवा मुद्दा ग्राहकाचा. यंत्रावर छापलेली पछेडीची नक्कल स्वस्तात मिळते. भौगोलिक मानांकनाची ओळख ग्राहकाला पटविणे, हातकामाची योग्य किंमत देणे आणि शासकीय इमारती, विश्रामगृहे व रेल्वे स्थानके यांच्या सजावटीत अस्सल हातकाम खरेदी करणे, यांतून स्थिर मागणी निर्माण होऊ शकते.

समारोप

अहमदाबादचा हा अनुभव केवळ एका शहरापुरता मर्यादित नाही. वाराणसीच्या विणकरवस्त्या, चेट्टिनाडच्या हवेल्या, पैठण-येवल्याच्या विणकरआळ्या आणि नाशिक-पुण्याचे वाडे यांच्यापुढे तोच प्रश्न उभा आहे. घर आणि घरातील कापड ही एकाच जीवनक्रमाची दोन अंगे आहेत. घर रिकामे झाले की चांदवा ताणण्यास जागा उरत नाही आणि कारागीर गेला की घराला दुरुस्त करणारा हात उरत नाही.

श्रोतेहो, पोळाच्या दारावरील वेलबुट्टीत जैन शेठाणी, मुस्लिम छिपा, हिंदू सुतार, मोगल सुभेदार आणि मराठी सरदार यांचे थर एकमेकांत गुंतलेले आहेत. कापडाच्या देवळात नाकारल्या गेलेल्यांची श्रद्धा आहे, तर चिंध्यांच्या खोळीत बंद गिरण्यांचा आणि न थकणाऱ्या स्त्रियांचा इतिहास आहे. यांपैकी एकच थर निवडून बाकीचे खरवडून काढले, तर नक्षीही उरत नाही आणि वस्तीही उरत नाही. म्हणून वारसा जतनाचे यश केवळ वाचविलेल्या इमारतींच्या संख्येवर मोजून भागणार नाही. त्या इमारतींत किती घरांतून संध्याकाळी दिवा लागतो, किती हातांना त्याच गल्लीत काम मिळते आणि त्या हातांची पुढची पिढी ते काम स्वेच्छेने शिकते किंवा नाही, यांवर ते मोजले गेले पाहिजे. सहा शतके ज्या शहराने तीन धाग्यांवर आपला तोल सांभाळला, त्याचा चौथा धागा तेथे राहणारी माणसे हाच आहे.